काचसामान, जुने : नमुने व ओळख

काचसामान, जुने : पेले, बश्या, बरण्या, बाटल्या, दौती, दिव्यांच्या चिमण्या, कंदिलांच्या काचा इ. घरगुती काचवस्तूंचा घाट, नक्षी, रंग व घडण यांवरून त्यांचा काळ आणि कारखाना निश्चित करणे, तसेच अशा वस्तूंचा पद्धतशीर संग्रह करणे, हा औद्योगिक इतिहासाचा एक उपविषय होय. त्याचा पाया प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घातला गेला. महाराष्ट्रात सातारा व सांगली या जिल्ह्यांचा प्रदेश त्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कराडजवळील ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या काच कारखान्याच्या मालाने या भागातील असंख्य घरे, दुकाने व शेतवस्त्या व्यापल्या होत्या. काच ही फुटणारी वस्तू असल्याने आणि फुटल्यावर ती भंगारात जात असल्याने या उद्योगाचा वस्तुरूप पुरावा झपाट्याने नाहीसा होतो. उरलेल्या वस्तू अचूक ओळखता येणे, हे म्हणूनच इतिहासलेखनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

घडण व तिच्या खुणा : वाळू, सोडा राख व चुनखडी यांचे मिश्रण भट्टीत वितळवून नेहमीच्या वापराची काच तयार करतात. वितळलेल्या काचेला आकार देण्याच्या मुख्य रीती तीन. पहिल्या रीतीत कारागीर फुंकनळीच्या टोकावर काचेचा गोळा घेऊन हवेत फुंकतो व हत्यारांनी घडवितो. अशा वस्तूच्या तळाशी, जेथे ती दांडीवरून तोडली जाते तेथे, खडबडीत व्रण राहतो किंवा तो घासून गुळगुळीत केलेला आढळतो. दुसऱ्या रीतीत काच साच्यात फुंकतात. साच्याचे भाग जेथे मिळतात तेथे वस्तूवर बारीक उभी रेघ उमटते. मात्र आतील पृष्ठभाग बाहेरच्या घाटाला अनुसरत असल्यामुळे आत बोट फिरविल्यास बाहेरील उंचवट्याच्या जागी खळगा जाणवतो. तिसऱ्या रीतीत वितळलेल्या काचेचा मापाचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्याने दाबतात. येथे आतील पृष्ठभाग दट्ट्याच्या आकाराचा, म्हणजे बहुधा गुळगुळीत असतो आणि नक्षी केवळ बाहेर उठते.

आकार दिलेली वस्तू सावकाश थंड करावी लागते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. ते अपुरे झाल्यास काचेत ताण शिल्लक राहतो आणि उष्णतेच्या अल्प फरकानेही वस्तू तडकते. दिव्याच्या काचेच्या बाबतीत तर अनुशीतनाच्या दर्जावरच कारखान्याची कीर्ती अवलंबून असते.

रंगही घडणीचीच साक्ष देतो. वाळूतील लोहाच्या अंशामुळे काचेस हिरवट झाक येते. ती घालविण्यासाठी मँगॅनीज डाय-ऑक्साइड वापरीत. अशी काच दीर्घकाळ उन्हात राहिल्यास तिला जांभळट छटा येते. कोबाल्टने गडद निळा रंग येतो. युरेनियमयुक्त पिवळसर वा हिरवी काच जंबुपार प्रकाशात तेजस्वी हिरवी दिसते.

अमेरिकेतील नमुने : काच दाबण्याच्या यंत्राचा व्यापारी प्रमाणावर वापर अमेरिकेत १८२० च्या दशकात सुरू झाला. डेमिंग जार्व्हिस यांनी मॅसॅचूसेट्स राज्यातील सँडविच या गावी १८२५ मध्ये काढलेला कारखाना या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध होय. आरंभीच्या दाबलेल्या काचेवर ठिपक्यांची दाट, जाळीसारखी नक्षी असे. थंड साच्याच्या स्पर्शाने काचेच्या पृष्ठभागास येणारा मंदपणा या नक्षीमुळे झाकला जाई. १८६४ मध्ये व्हीलिंग येथील विल्यम लेटन यांनी शिसेयुक्त काचेच्या तोडीची स्वच्छ पण स्वस्त सोडा-चुना काच सिद्ध केली. त्यानंतर पेला, बशी, साखरेचे भांडे, लोण्याचे भांडे असे एकाच नक्षीचे संपूर्ण संच मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेंटन कंपनीने तप्त काचेवर धातूंच्या लवणांचा फवारा मारून मोरपिसासारखी चमक असलेली रंगीत काच बाजारात आणली. तिला पुढे ‘कार्निव्हल काच’ हे नाव मिळाले. १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर तर पूर्णपणे यंत्रावर तयार झालेली गुलाबी, हिरवी, पिवळसर व निळी भांडी अत्यल्प किमतीत विकली जाऊ लागली. धान्याच्या खोक्यात किंवा चित्रपटगृहाच्या तिकिटासोबत ती भेट म्हणूनही मिळत. जीनेट कंपनीचा ‘चेरी ब्लॉसम’, हॉकिंगचा ‘मेफेअर’, हेझल-ॲटलसचा ‘रॉयल लेस’ हे या मंदीकालीन काचेचे परिचित नमुने होत. गरिबीच्या काळातील ही स्वस्त भांडी पुढे संग्राहकांच्या आवडीची ठरली.

यांतील अनेक नावे कारखान्यांनी दिलेली नाहीत. कारखान्यात नमुन्यास बहुधा केवळ क्रमांक असे; नावे पुढे अभ्यासकांनी व संग्राहकांनी रूढ केली. रूथ वेब ली यांच्या १९३१ मधील ग्रंथाने एकोणिसाव्या शतकातील दाबलेल्या काचेच्या नमुन्यांना व्यवस्था आली. मंदीकालीन काचेसंबंधी हेझल मेरी वेदरमन यांचा १९७० मधील ग्रंथ असाच पायाभूत ठरला. कारखान्यांच्या सूची, व्यापारी नियतकालिकांतील जाहिराती व घाऊक विक्रेत्यांची किंमतपत्रके प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहणे, ही या अभ्यासाची पद्धती होय.

या पद्धतीच्या मर्यादाही अमेरिकेतील अनुभवातूनच स्पष्ट झाल्या. सँडविचचा कारखाना १८८८ मध्ये बंद पडला. पुढे त्याच्या जागेवर सापडलेल्या तुकड्यांवरून अनेक नमुने त्या कारखान्याच्या नावे नोंदविले गेले. परंतु नव्या मिश्रणात घालण्यासाठी काच कारखाने बाहेरून फुटकी काच विकत घेतात. त्यामुळे आवारात सापडलेला तुकडा तेथेच तयार झाला, असे म्हणता येत नाही. दुसरी अडचण साच्यांची. लोखंडी साचा अनेक दशके टिकतो, विकला जातो आणि नव्या मालकाकडे तोच नमुना पुन्हा निघू लागतो. तिसरी अडचण नकलांची. ‘चेरी ब्लॉसम’च्या नकला १९७० च्या दशकातच बाजारात आल्या. केवळ नक्षीवरून केलेली ओळख म्हणूनच अपुरी असते. नक्षी, रंग, वजन, सांध्याच्या रेघा, तळाची घडण आणि लेखी पुरावा या सर्वांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष ग्राह्य मानतात.

सातारा व सांगली परिसर : या प्रदेशात यंत्रनिर्मित काच प्रथम आयात माल म्हणून आली. संस्थानिकांच्या, सरदारांच्या व सावकारांच्या वाड्यांतील हंड्या, झुंबरे, बिलोरी आरसे आणि अत्तरदाण्या ही परदेशी काच होती. सामान्य घरांत धातूची व मातीची भांडी वापरीत. लोणच्यामुरंब्यासाठी चिनी मातीची बरणी, आणि प्रकाशासाठी समई, पणती किंवा टेंभा असे. रॉकेलचा प्रसार झाल्यावर मात्र दिव्याची काच ही गरजेची वस्तू बनली. पहिल्या महायुद्धापूर्वी काचसामान मुख्यतः ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी, बेल्जियम व इंग्लंड येथून येई. युद्धकाळात जपानी मालाने त्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली.

स्वदेशी काचनिर्मितीचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याची योजना आखली. तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला आणि त्या निधीतून १९०८ मध्ये हा कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिका येथे काचविद्येचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील तांत्रिक बाजू सांभाळली. हा कारखाना प्रशिक्षणशाळाही होता. तेथे तयार झालेल्या तरुणांनी देशाच्या निरनिराळ्या भागांत काचधंदा नेला. अमेरिकेतील काचविद्या मराठी कारागिरापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग तळेगावातून जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तळेगाव येथे हे तंत्र शिकलेले श्रीपाद प्रभाकर ओगले व त्यांचे बंधू यांनी १९१६ मध्ये कराडच्या रेल्वे स्थानकाजवळ आपला कारखाना काढला. ही जागा तत्कालीन औंध संस्थानात होती. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यापूर्वी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कुंडल स्थानकाजवळ जागा देऊन किर्लोस्करवाडीच्या उभारणीस साहाय्य केले होते. ओगले बंधूंनाही त्यांचा आश्रय मिळाला. औंध संस्थानाचा मुलूख विखुरलेला असल्याने आज ओगलेवाडी सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु दोन्ही वसाहती एकाच संस्थानाच्या धोरणातून व पुणे–मिरज या एकाच लोहमार्गाच्या आधाराने वाढल्या. माळरानावर वसलेल्या या वाड्यांना गावाचे वा कुळाचे जुने नाव नव्हते. उद्योजकाचे आडनाव हेच तेथे गावाचे नाव झाले.

कारखान्याची स्थापना महायुद्धाच्या काळात झाल्याने आयात मालाची टंचाई त्याला अनुकूल ठरली. युद्ध संपताच परदेशी मालाची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. काच उद्योगाच्या संरक्षणाचा प्रश्न १९३१-३२ मध्ये भारतीय जकात मंडळापुढे आला. मंडळाने संरक्षणाची शिफारस केली होती. तथापि सोडा राख हा प्रमुख कच्चा माल देशात पुरेसा होत नाही, या कारणास्तव सरकारने ती अमान्य केली व आयात सोड्यावरील जकातीत सवलत देण्यापुरतीच मदत केली. स्वदेशी बरणी किंवा चिमणी विलायती व जपानी मालाशेजारी एकाच दुकानात मांडली जात असे. नावाचा ठसा नसलेल्या जुन्या वस्तूंच्या बाबतीत हा भेद आज करता येणे कठीण होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

प्रभाकर कंदील : ओगलेवाडीचे नाव घरोघरी नेणारी वस्तू म्हणजे ‘प्रभाकर’ कंदील. तिच्या निर्मितीत गुरुनाथ प्रभाकर ओगले यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ‘प्रभाकर’ हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. प्रकाश देणारा, सूर्य, हा त्याचा अर्थही वस्तूस साजेसा होता. वादळी कंदिलाची मूळ रचना अमेरिकन आहे. जॉन आयर्विन यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस दोन बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरविणारी रचना सिद्ध केली. आरंभीच्या प्रकारात ज्योतीवरून वर गेलेली उष्ण हवाच काही अंशी नळ्यांतून परत येई. १८७० च्या दशकातील सुधारित प्रकारात नळ्यांतून केवळ ताजी हवा येत असल्याने प्रकाश अधिक शुभ्र झाला. न्यूयॉर्क येथील डीट्‌झ कंपनीने असे कंदील जगभर पोहोचविले. पुढे जर्मन कंपन्याही या व्यापारात उतरल्या. भारतीय बाजारपेठेतील या आयात कंदिलांशी ‘प्रभाकर’ने यशस्वी स्पर्धा केली. वादळी कंदिलाच्या भारतीय निर्मितीचा आरंभ करणाऱ्यांत ओगले कारखान्याची गणना होते.

कंदिलात टाकी, बर्नर, नळ्या, टोपण व कडी हे भाग पत्र्याचे किंवा तारेचे असतात. काच एकच, परंतु सर्वांत नाजूक. ती साच्यात फुंकून, दोन्ही टोके कापून व कडा सारख्या करून तयार करतात. रोज संध्याकाळी राखेने वा कागदाने काजळी पुसताना, पावसाचे थेंब तापल्या काचेवर पडून किंवा बैलगाडीखाली टांगलेला कंदील हिंदकळून काच फुटत असे आणि बाजारातून दुसरी आणली जात असे. त्यामुळे जुन्या कंदिलाची काच व सांगाडा एकाच कारखान्याचे असतीलच, असे नाही. पत्र्यावर एक नाममुद्रा आणि काचेवर दुसरी किंवा कोणतीच नाही, अशी जोडी वापरातील वस्तूच्या बाबतीत स्वाभाविक समजली पाहिजे. अशा कंदिलाची नोंद करताना दोन्ही भाग स्वतंत्रपणे नोंदविणे इष्ट असते. मूळ काच मिळावी म्हणून जोडी मोडल्यास त्या वस्तूच्या वापराचा इतिहासच पुसला जातो.

ओळखीच्या कसोट्या : अमेरिकन अभ्यासातील सर्व कसोट्या या प्रदेशातील काचेस जशाच्या तशा लावता येत नाहीत. जांभळट छटेवरून काचेचा काळ ठरविण्याचा तेथील नियम पहिल्या महायुद्धात मँगॅनीजच्या पुरवठ्यात आलेल्या खंडावर व त्यानंतर सुरू झालेल्या सेलेनियमच्या वापरावर आधारलेला आहे. भारतात नागपूर, भंडारा व बालाघाट या भागांत मँगॅनीजच्या मोठ्या खाणी असल्याने येथे तो नियम निर्णायक मानता येणार नाही. मोरपिशी चमकेवरून वस्तू अमेरिकन ठरविणेही धोक्याचे आहे. १९३० नंतरच्या काळात फिरोझाबाद येथील जैन ग्लास वर्क्स व इतर कारखान्यांनी अशा चमकदार काचेचे पेले व फुलदाण्या तयार केल्या. त्यांच्या काही वस्तूंच्या तळाशी कारखान्याचे नाव उठविलेले आढळते.

पुढील क्रम व्यवहारात उपयोगी पडतो. प्रथम नाममुद्रा पाहावी : तळ, खांदा, झाकणाची आतील बाजू व कंदिलाच्या बाबतीत टाकी, टोपण व काच या सर्व जागा तपासाव्यात. मुद्रेची लिपीही महत्त्वाची असते. देवनागरी अक्षरे मालाच्या देशी बाजारपेठेचा निर्देश करतात. परंतु परदेशी निर्मातेही भारतीय ग्राहकासाठी देशी लिपीत नावे छापीत, म्हणून केवळ लिपीवरून निर्मितीस्थान ठरवू नये. नंतर घडण पाहावी : सांध्याच्या रेघा किती व कोठे, आतील पृष्ठभाग गुळगुळीत की खोलगट, कडा घासलेली की विस्तवावर वितळवून गोल केलेली. तिसऱ्या पायरीस काचेची झाक, बुडबुडे व जाडीतील असमानता नोंदवावी. बुडबुडे किंवा वाकडेपणा ही प्राचीनतेची खूण नव्हे. भट्टीचे तपमान अपुरे पडल्याचे किंवा काम घाईने झाल्याचे ते लक्षण असू शकते. शेवटी वस्तूची वाटचाल नोंदवावी : ती कोणत्या गावात, कोणत्या प्रकारच्या घरात वा दुकानात होती, तिच्यात काय ठेवीत, ती केव्हा व कोठून घेतली. नाममुद्रा नसलेल्या वस्तूच्या बाबतीत ही माहिती नक्षीइतकीच मोलाची ठरते.

या तपशिलाशी ताडून पाहण्याचे लेखी साधन म्हणजे कारखान्याची किंमतपत्रके, दुकानदारांच्या वह्या, प्रदर्शनांच्या पुस्तिका आणि मराठी नियतकालिकांतील जाहिराती. किर्लोस्करवाडी येथूनच १९२० मध्ये निघू लागलेले किर्लोस्कर मासिक, तसेच केसरीसारखी वृत्तपत्रे यांचे जुने अंक या दृष्टीने चाळण्यासारखे आहेत. नियतकालिकांचे जुने अंक बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. लेखांच्या वाचकास त्या पानांची उणीव भासत नाही; वस्तूंच्या अभ्यासकाचा मात्र मुख्य आधारच त्यामुळे नष्ट होतो.

ऱ्हास व संग्रह : स्वातंत्र्योत्तर काळात या वस्तूंची गरज क्रमाने ओसरली. ओगलेवाडीच्या पश्चिमेस असलेल्या कोयना खोऱ्यात १९६० च्या दशकात जलविद्युत् निर्मिती सुरू झाली आणि ग्रामीण विद्युतीकरणाबरोबर कंदील कोपऱ्यात गेला. बरणीची जागा प्लॅस्टिकच्या डब्याने, पेल्याची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. बाटल्या मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित यंत्रांवर होऊ लागल्या व त्यांच्यापुढे जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांचा निभाव लागणे कठीण झाले. ओगले कारखानाही पुढे बंद पडला. गावाचे नाव मात्र कायम राहिले.

अमेरिकेत स्वस्त काचेचा संग्रह सुरू झाला तेव्हा सूची, जाहिराती व वापरलेले संच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होते आणि हौशी संग्राहकांच्या मंडळांनी ते एकत्र केले. सातारा-सांगली भागात संग्रहालयांची परंपरा जुनी आहे. औंध येथील श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये स्थापन झाले. परंतु अशा संग्रहांचा भर साहजिकच चित्रे, शिल्पे व कलाकुसरीच्या दुर्मिळ वस्तूंवर राहिला. रोजच्या वापरातील कंदील वा बरणी ही कलावस्तू नसल्याने ती संग्रहालयाबाहेर राहते आणि पुरातन नसल्याने पुरातत्त्वाच्या कक्षेतही येत नाही. तिचा इतिहास माळ्यावर, परसात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात शेष असतो.

फुटकी काच पुन्हा भट्टीत जाते, हा काचधंद्याचा नित्याचा व्यवहार आहे. त्यामुळे वितळून गेलेल्या नमुन्याचा मागमूस राहत नाही. नाममुद्रा असलेल्या वस्तूंची छायाचित्रे व मापे, त्यांच्या वापराविषयीची घरातील वृद्धांची माहिती आणि भट्टीवर काम केलेल्या कारागिरांच्या कुटुंबांतील आठवणी यांची नोंद गावोगावच्या ग्रंथालयांनी व शाळांनीही करून ठेवण्यासारखी आहे. एका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या कारखान्यात शिकून माळरानावर भट्टी पेटविणाऱ्या पिढीचे कर्तृत्व ग्रंथांतून थोडेफार नोंदले गेले आहे; त्यांच्या हातची काच ओळखता आली, तर ते प्रत्यक्ष दाखविताही येईल.